परिचारिका आणि सुईण: दोन व्यवसायांच्या दोन उलट वाटा

परिचर्या आणि प्रसूतिसेवा ही दोन नावे जगभरातील आरोग्यखात्यांच्या कागदपत्रांत जोडीने येतात, आणि त्यामुळे या दोन्ही कामांचा इतिहासही एकच असावा असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या दोन व्यवसायांची वाटचाल उलट दिशांनी झाली आहे. सुईण ही फार पूर्वीपासून स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारी आणि स्वतः निर्णय घेणारी जाणकार स्त्री होती. तिचे हे स्वातंत्र्य पुढे अनेक देशांत आकसत गेले आणि काही ठिकाणी विसाव्या शतकाच्या अखेरीस तिला ते झगडून परत मिळवावे लागले. परिचारिकेचे काम मात्र दीर्घकाळ कोणाच्या ना कोणाच्या अधीन राहून केलेली सेवा मानले जात होते, आणि त्यातून हळूहळू, मोठ्या कष्टाने, स्वतंत्र ज्ञान आणि स्वतंत्र अधिकार असलेला व्यवसाय उभा राहिला. हा फरक ध्यानात ठेवला, तर या इतिहासातील एरवी गोंधळात टाकणाऱ्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

एखादे काम व्यवसाय म्हणून केव्हा ओळखले जाते, हे आधी पाहायला हवे. त्या कामाचे ठरलेले शिक्षण असते, शिक्षणानंतर परीक्षा असते, परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावे एका अधिकृत नोंदवहीत असतात आणि चूक झाल्यास जाब विचारून नाव काढून टाकण्याचा अधिकार असलेली एखादी परिषद असते. मात्र त्या परिषदेत कोण बसते, हा खरा कळीचा प्रश्न आहे. तेथे त्याच कामातील माणसे बसत असतील तर तो व्यवसाय स्वायत्त असतो. दुसऱ्याच व्यवसायातील माणसे बसत असतील, तर नोंदणी होऊनही तो परावलंबी राहतो. सुइणी आणि परिचारिका यांच्या इतिहासातील बहुतेक संघर्ष याच मुद्द्याभोवती झाले आहेत.

आजाऱ्याची देखभाल करणाऱ्या व्यक्तीच्या अंगी काय असावे, याचा विचार प्राचीन ग्रंथांतही सापडतो. चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत आणि परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आस्था आणि शुचिता हे चार गुण असावेत असे म्हटले आहे. परिचारकाला वैद्याचा हरकाम्या न मानता उपचाराचा एक स्वतंत्र आधार मानणारी ही मांडणी मला फार मोलाची वाटते. त्याच ग्रंथात प्रसूतीच्या वेळी जवळ असणाऱ्या स्त्रिया अनेकदा बाळंत झालेल्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य सोरानस याचे मत याहून वेगळे होते. सुईण साक्षर, तल्लख, चांगल्या स्मरणशक्तीची आणि सशक्त असावी, तिची नखे कापलेली असावीत असे तो सांगतो. परंतु तिला स्वतःला मूल झालेले असणे अत्यावश्यक आहे असे तो मानत नाही. सुईणपण अनुभवाने येते की अभ्यासाने, हा वाद इतका जुना आहे.

युरोपातील शहरांनी सुइणींसाठी नियम करण्यास मध्ययुगाच्या अखेरीस सुरुवात केली. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग शहराने १४५२ मध्ये केलेला सुइणींविषयीचा नियम हा या प्रकारच्या सर्वांत जुन्या नियमांपैकी एक आहे. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून सुईणकामाचा परवाना बिशप देत असे आणि त्यासाठी शपथ घ्यावी लागे. जादूटोणा करणार नाही, मूल दगावण्याची भीती असल्यास रीतीप्रमाणे बाप्तिस्मा देईन, अविवाहित मातेकडून मुलाच्या पित्याचे खरे नाव काढून घेईन, असा त्या शपथेचा रोख असे. म्हणजे सुइणीच्या कौशल्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, काळजी समाजाला तिच्या साक्षीची होती, कारण जन्माच्या क्षणी तेथे काय घडले हे सांगू शकणारी विश्वासाची व्यक्ती तीच असे. चेटकीण म्हणून जाळल्या गेलेल्या स्त्रियांत बहुसंख्य सुइणी होत्या, असे पुष्कळदा वाचायला मिळते. परंतु खटल्यांच्या उपलब्ध नोंदी त्या समजाला आधार देत नाहीत. बहुतेक ठिकाणी सुईण ही प्रतिष्ठित आणि न्यायालयात साक्षीसाठी बोलावली जाणारी स्त्री होती.

सतराव्या शतकाच्या आरंभीच्या फ्रान्समध्ये ही प्रतिष्ठा किती उंचीवर पोहोचली होती आणि तिला तडा कसा जाऊ लागला होता, हे लुईझ बूर्ज्वा हिच्या आयुष्यात दिसते. राणी मारी द मेदिची हिची ती सुईण होती, आणि १६०१ मध्ये पुढे तेरावा लुई म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राचा जन्म तिच्याच हातून झाला. १६०९ मध्ये तिने प्रसूतीविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १६२७ मध्ये राजघराण्यातील एक तरुण स्त्री बाळंतपणानंतर मरण पावली, तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी वारेचा तुकडा आत राहिल्याचा निष्कर्ष काढला. हा ठपका आपल्यावरच आहे हे ओळखून बूर्ज्वाने छापील उत्तर देऊन आपल्या कामाचे समर्थन केले. प्रसूतीविषयीचा अंतिम शब्द कोणाचा, हा प्रश्न तेव्हाच उघडपणे उभा राहिला होता.

त्यानंतर या प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रमाणावर एका हत्याराने ठरवले. अडलेल्या बाईच्या पोटातील मूल डोक्याला धरून बाहेर काढण्याचा चिमटा इंग्लंडमधील चेम्बर्लेन या घराण्याने शोधला आणि शंभराहून अधिक वर्षे तो कुटुंबाचे गुपित म्हणून लपवून ठेवला. त्यांची हत्यारे १८१३ मध्ये एसेक्समधील एका जुन्या घरात फळ्यांखाली सापडली. ज्या ज्ञानाने असंख्य जीव वाचू शकले असते, ते कमाईसाठी पिढ्यान्‌पिढ्या दडवून ठेवले गेले, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात मला विशेष क्लेशदायक वाटते. अठराव्या शतकात चिमट्याची माहिती सर्वत्र झाली, तेव्हा तो वापरण्याचा हक्क मात्र बहुतेक देशांत पुरुष शल्यचिकित्सकांकडेच राहिला. सरळ बाळंतपण सुइणीचे आणि अवघड बाळंतपण डॉक्टरचे, अशी विभागणी त्यातून रुजली; आणि बाळंतपण अवघड होण्याची शक्यता नेहमीच असल्यामुळे, ज्यांना परवडत असे त्या कुटुंबांनी पहिल्यापासूनच डॉक्टरला बोलावण्यास सुरुवात केली.

याच काळात सुइणींना पद्धतशीर शिक्षण देण्याचा एक विलक्षण प्रयोग फ्रान्समध्ये झाला. पंधराव्या लुईने १७५९ मध्ये आंजेलिक द्यु कूद्रे या सुइणीला देशभर फिरून ग्रामीण स्त्रियांना शिकवण्याचा अधिकार दिला. त्यापुढे सुमारे पाव शतक ती गावोगाव जाऊन वर्ग घेत होती. शिकणाऱ्या बऱ्याच स्त्रियांना वाचता येत नसे, म्हणून तिने कापड, चामडे आणि भरण वापरून स्त्रीच्या कटिभागाची, गर्भाशयाची आणि बाळाची खऱ्या आकाराची प्रतिकृती बनवली होती. बाळ आडवे असेल, पायाळू असेल किंवा नाळ आधी बाहेर आली असेल, तर हात कसा घालावा आणि काय करावे, हे विद्यार्थिनी त्या प्रतिकृतीवर पुन्हापुन्हा करून शिकत. तिची एक प्रतिकृती आजही रूआँ येथील संग्रहालयात आहे. प्रतिकृतीवर सराव करूनच प्रत्यक्ष रुग्णाला हात लावावा, ही आजच्या वैद्यकीय शिक्षणातील पद्धत एका सुइणीने अडीचशे वर्षांपूर्वी इतक्या व्यापक प्रमाणावर राबवली होती, याची नोंद तुलनेने फार थोड्या ठिकाणी घेतली जाते.

परिचर्येचा इतिहास या काळात अगदी वेगळ्या ठिकाणी, म्हणजे धर्मसंस्थांच्या भिंतींआड घडत होता. युरोपातील जुनी रुग्णालये ही मुळात गरीब, निराधार आणि वाटसरू यांना आसरा देणारी धर्मस्थाने होती आणि तेथील सेवा जोगिणी किंवा जोगी करत. १६३३ मध्ये व्हॅन्साँ द पॉल आणि लुईझ द मारिआक यांनी पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या भगिनीसंघाने यात एक महत्त्वाचा बदल घडवला. त्यातील स्त्रिया मठात कोंडून न राहता गरिबांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करत. जेथे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर मठ बंद झाले, तेथे मात्र रुग्णालयांतील काम तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या, शिक्षणाची संधी न मिळालेल्या स्त्रियांवर येऊन पडले आणि या कामाला नावलौकिक उरला नाही. १८३६ मध्ये जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथे थिओडोर फ्लीडनर या पाद्र्याने प्रोटेस्टंट स्त्रियांना रुग्णसेवेचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तेथेच शिकली.

नाइटिंगेलविषयी जे सांगितले जाते त्यात दिवा घेऊन रात्री फिरणाऱ्या स्त्रीचे चित्र इतके ठळक झाले आहे की तिचे खरे काम त्यामागे झाकले जाते. क्रिमियाच्या युद्धात ती ३८ स्त्रियांना घेऊन नोव्हेंबर १८५४ मध्ये तुर्कस्तानातील स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. तिच्या येण्याने मृत्यू लगेच थांबले नाहीत. उलट हिवाळ्यात ते वाढत गेले आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात गेले. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे मोकळी केली, पाण्याच्या मार्गातील घाण काढली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले. युद्धानंतर नाइटिंगेलने संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार याच्या मदतीने या आकड्यांचा अभ्यास केला आणि सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे आकृत्या काढून सिद्ध केले. १८५८ मध्ये ती इंग्लंडच्या संख्याशास्त्र संस्थेची पहिली स्त्री सदस्य झाली. रुग्णाच्या भोवतीची हवा, पाणी, उजेड, स्वच्छता आणि त्याचे बारकाईने केलेले निरीक्षण हे परिचारिकेच्या ज्ञानाचे क्षेत्र आहे, ही तिची मांडणी या अनुभवातून आलेली आहे. याच युद्धात जमैकाची मेरी सीकोल हिने अधिकृत पथकात प्रवेश न मिळूनही स्वखर्चाने जाऊन सैनिकांची सेवा केली होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलच्या नावाने जमलेल्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली आणि तिचा नमुना पुढे जगभर गेला. मुख्य परिचारिका म्हणजे मेट्रन हिच्या हाती परिचारिकांची सर्व व्यवस्था, विद्यार्थिनींसाठी वसतिगृह, वॉर्डातले प्रत्यक्ष शिक्षण आणि वागणुकीची काटेकोर शिस्त, ही त्याची वैशिष्ट्ये होती. स्त्रियांच्या व्यवस्थेवर स्त्रीचाच अधिकार हे या रचनेचे मोठे सामर्थ्य होते. तिचे एक दुखणेही होते, आणि ते अनेक दशके चिघळत राहिले. विद्यार्थिनी वॉर्डात काम करून शिकत असल्यामुळे रुग्णालयांना जवळजवळ फुकटात मनुष्यबळ मिळू लागले. अमेरिकेत १८७३ मध्ये या नमुन्यावरच्या पहिल्या शाळा निघाल्या आणि त्यानंतरच्या काळात शेकडो रुग्णालयांनी शिक्षणापेक्षा हातांची गरज भागवण्यासाठी शाळा काढल्या. शिक्षण संपले की रुग्णालयात पगारी जागा नसे, आणि बहुतेक परिचारिका घरोघरी खासगी रुग्ण सांभाळून पोट भरत. परिचर्येचे शिक्षण रुग्णालयाच्या कामाच्या गरजांपासून वेगळे करावे, अशी स्पष्ट शिफारस अमेरिकेत १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने केली.

नोंदणीचा लढा परिचारिकांच्या आपसातील मतभेदांमुळे विशेष लांबला. एथेल बेडफर्ड फेनविक हिने १८८७ मध्ये ब्रिटनमध्ये परिचारिकांची संघटना उभी केली आणि सरकारी नोंदवहीची मागणी लावून धरली. डॉक्टरांप्रमाणे परिचारिकेचीही परीक्षा आणि नोंद असल्याशिवाय प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित व्यक्ती यांतील फरक जनतेला कळणार नाही, असे तिचे म्हणणे होते. नाइटिंगेलने याला विरोध केला. चांगल्या परिचारिकेची पारख परीक्षेने आणि यादीने होत नाही, तिचे चारित्र्य आणि काम सतत पाहावे लागते, असे तिचे मत होते. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य होते, परंतु कायद्याचे संरक्षण फेनविकच्या मार्गानेच मिळू शकत होते. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीने १८९१ मध्ये परिचारिका आणि सुइणी यांची सरकारी नोंदणी सुरू केली. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांसाठी खास कायदा केला आणि पुढच्याच वर्षी एलेन डॉहर्टी तेथील पहिली नोंदणीकृत परिचारिका झाली. इंग्लंडमध्ये हा कायदा १९१९ मध्ये झाला आणि तेथील नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर फेनविकचे नाव लागले.

इंग्लंडमध्ये सुइणींचा कायदा मात्र त्याच्या १७ वर्षे आधी, १९०२ मध्येच झाला होता, आणि दोन्ही व्यवसायांच्या उलट वाटा येथे सर्वांत स्पष्ट दिसतात. या कायद्याने सुइणींना मान्यता दिली, पण त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात सुईण असलीच पाहिजे अशी अट त्यात नव्हती. मंडळात वर्चस्व डॉक्टरांचे होते. प्रसूतीत काही वावगे दिसल्यास सुइणीने डॉक्टरला बोलावणे बंधनकारक झाले, परंतु डॉक्टरची फी कोणी द्यायची हे कायद्यात ठरवलेले नव्हते, आणि गरीब घरांत हा प्रश्न जीवघेणा ठरत असे. १९१८ च्या दुरुस्तीने ही जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकण्यात आली. १९१० नंतर प्रमाणपत्राविना पैसे घेऊन नेहमी बाळंतपणे करण्यास बंदी झाली, म्हणजे पूर्वापार काम करत आलेल्या असंख्य वयस्कर स्त्रियांना नोंद करून घ्यावी लागली किंवा काम सोडावे लागले.

सुइणींवर बंधने घालताना त्यांच्या हातून माता अधिक मरतात असे गृहीत धरले जाई. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयाने या गृहीतकाला मोठा धक्का दिला होता. तेथे एका प्रसूती विभागात वैद्यकीय विद्यार्थी आणि दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ मध्ये विद्यार्थ्यांच्या विभागात शेकडा ११ हून अधिक माता दगावल्या, तर सुइणींच्या विभागात शेकडा ३ हूनही कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीकडे येतात आणि हातांवरून विष नेतात, हे इग्नाझ सेमेलवाइस याने ओळखले. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि दोन्ही विभागांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखे झाले. सुइणींचे हात आपोआप निर्मळ असत असा याचा अर्थ नाही. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर गॉर्डनने १७९५ मध्येच दाखवून दिले होते की बाळंतज्वर सुइणी आणि डॉक्टर, दोघांच्याही हातांतून एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातो, आणि त्या यादीत त्याने स्वतःलाही धरले होते. नाइटिंगेलने सुरू केलेले सुईण-प्रशिक्षण तर १८६७ मध्ये याच ज्वरामुळे बंद करावे लागले. त्यानंतर तिने निरनिराळ्या ठिकाणचे आकडे गोळा केले, आणि त्या काळी प्रसूतिगृहापेक्षा घरचे बाळंतपण अधिक सुरक्षित होते असा निष्कर्ष १८७१ मध्ये मांडला.

सुइणीला दूर सारणे हा एकच मार्ग नव्हता, हे स्वीडनने दाखवले. त्या देशाने अठराव्या शतकापासून सुइणींना शिक्षण देऊन परवाने दिले, आणि दूरच्या वस्तीत डॉक्टर पोहोचणे शक्य नसल्याने १८२९ पासून विशेष परीक्षा दिलेल्या सुइणींना चिमटा व इतर हत्यारे वापरण्याचाही अधिकार दिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मातामृत्यूचे सर्वांत कमी प्रमाण असलेल्या देशांत स्वीडनची गणना होत होती. अमेरिकेत त्याच सुमारास निम्मी बाळंतपणे सुइणींच्या हातून होत होती, पण त्यांना शिकवण्याऐवजी हद्दपार करण्याकडे कल राहिला. मेरी ब्रेकिनरिज हिला हे काम शिकण्यासाठी ब्रिटनमध्ये जावे लागले. परत येऊन तिने १९२५ मध्ये केंटकीच्या डोंगराळ भागात घोड्यावरून फिरणाऱ्या परिचारिका-सुइणींची सेवा उभी केली, आणि त्या गरीब मुलखातील मातामृत्यूंचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच खाली ठेवले. १९३५ नंतर जंतुसंसर्गावरची सल्फा औषधे आली, त्यामागून प्रतिजैविके आणि रक्त देण्याची सोय आली, आणि सगळीकडेच मातामृत्यू झपाट्याने घटले. प्रसूती रुग्णालयात हलल्यामुळेच माता वाचल्या, असे म्हणताना हा क्रम विसरता कामा नये.

परिचर्येने या काळात स्वतःचे ज्ञान उभे केले. १९०९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात परिचर्येची शाळा सुरू झाली, आणि पुढे पदवी, संशोधन आणि विशेष शाखा आल्या. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा श्वास थांबलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने हवा भरली, आणि त्या अनुभवातून अतिदक्षता विभागाची कल्पना आकाराला आली. अशा विभागात रुग्णाचा क्षणाक्षणाला होणारा बदल ओळखून त्यावर निर्णय घेणारी व्यक्ती परिचारिका असते. या निरीक्षणाचे मोल २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने आकड्यांत मांडले: शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, एका परिचारिकेवर एक रुग्ण अधिक पडला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियाने २००४ पासून परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत याची कमाल मर्यादा कायद्याने अमलात आणली. बहुतेक ठिकाणी मात्र ही संख्या अजूनही रुग्णालयांच्या मर्जीवर आणि अंदाजपत्रकावर ठरते.

सुइणींनीही गमावलेली जागा परत मिळवण्यास सुरुवात केली. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या कायद्याने सुइणीला डॉक्टरच्या देखरेखीविना स्वतःच्या जबाबदारीवर काम करण्याचा अधिकार दिला, आणि कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात १९९४ पासून सुईणपण स्वतंत्र नियंत्रित व्यवसाय झाला. श्रीलंका आणि मलेशिया यांनी गावोगावी प्रशिक्षित सुइणी नेमून मातामृत्यू ज्या वेगाने कमी केले, तो मार्ग तर फारशा श्रीमंत नसलेल्या देशांनाही परवडणारा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ८० लाख परिचारिका व परिचारक होते आणि आणखी ५९ लाखांची उणीव होती. सुइणींची उणीव २०२१ मध्ये सुमारे ९ लाख असल्याचे नोंदवले गेले. २०२० च्या त्या अहवालानुसार परिचर्येत काम करणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या, परंतु आरोग्यव्यवस्थेतील वरिष्ठ पदांवर त्यांचे प्रमाण याच्या जवळपासही नाही. परिषदेत कोण बसते हा जुना प्रश्न आता मंत्रालये आणि रुग्णालयांची संचालक मंडळे यांच्यापर्यंत पोहोचला आहे.